परदेशची स्वस्त पदवी

नाशिकच्या द्वारका चौकांत ज्यांना कधीं खोळंबून उभें राहावें लागलें असेल, आणि न खोळंबतां तेथून पार होण्याचें भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येतें, त्यांना तो चौक म्हणजे काय प्रकरण आहे हें आम्हीं सांगावयास नको. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन हमरस्ते येथें एकमेकांस भेटतात. डोक्यावरून उड्डाणपूल गेलेला, खालीं रिक्षा, एस्. टी. आणि कांद्याचे ट्रक एकमेकांच्या अंगावर आलेले. अशा वेळीं मनुष्य करणार काय? समोर दिसतील त्या पाट्या वाचतो. पूर्वी या पाट्या घरांच्या, सोन्याच्या आणि शिकवणीवर्गांच्या असत. अलीकडे त्यांत एका नव्या जातीच्या पाटीची भर पडली आहे. तिच्यावर गळ्यांत स्टेथास्कोप घातलेला एक हंसरा मुलगा, मागें घुमटाची एक इमारत, आणि खालीं मोठ्या अक्षरांत आश्वासन, कीं परदेशांत जाऊन माफक खर्चांत डॉक्टर व्हा.

ही पाटी आम्हीं अनेकदां वाचली होती व वाचून विसरलोंही होतों. परंतु ती पाटी एके दिवशीं सायंकाळीं आमच्या दिवाणखान्यांतच येऊन बसली, म्हणून हा विषय या महिन्यांत वाचकांपुढें मांडावासा वाटतो.

आमच्याच इमारतींत वरच्या मजल्यावर आमचे एक स्नेही राहतात. बँकेंत नोकरी, एकुलता एक मुलगा, स्वतःच्या नांवावर हें दोन खोल्यांचें घर. मध्यमवर्गीय ब्राह्मण कुटुंबाची जी मालमत्ता असावयाची तीच. मुलगा हुशार. परंतु वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेंत २०२४ सालीं तेवीस लाखांहून अधिक मुलें बसलीं, आणि साऱ्या देशांत डॉक्टरीच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्यांतही माफक शुल्काच्या सरकारी जागा सुमारें निम्म्या. तेव्हां हुशार मुलगाही बाहेर राहूं शकतो. या मुलाचेंही तसेंच झालें. तो परीक्षेंत पात्र ठरला, पण सरकारी महाविद्यालयापर्यंत त्याचे गुण पोंचेनात, आणि खासगी महाविद्यालयापर्यंत वडिलांचा पैका पोंचेना. महाराष्ट्रांतील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयें ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखालीं येतात, तें विद्यापीठ १९९८ पासून याच नाशकांत म्हसरुळास आहे. परंतु विद्यापीठ गांवांत असल्यानें प्रवेश घरांत येतो असें थोडेंच आहे!

तर हे स्नेही हातांत एक छापील कागद घेऊन आले. किर्गिझस्तानांतील एका विद्यापीठाचा तो हिशेब होता. सहा वर्षांचें शुल्क, वसतिगृह, जेवण, विम्याचा हप्ता, विमानाचें भाडें, सर्व मिळून बावीस लाख. खालीं एजंटाची सही. "येथल्या खासगी कॉलेजांत याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. घर गहाण ठेवलें कीं जमतें. तुम्ही काय म्हणतां?" असें त्यांनीं विचारलें.

खरें सांगावयाचें तर आम्हींही प्रथम तो कागद बेरजेच्या बाजूनेंच पाहिला. आंकडे तपासले, बेरीज बरोबर निघाली, आणि "हिशेब तर ठीक दिसतो," असे शब्द आमच्या तोंडून निघूनही गेले. एवढ्यांत दार वाजलें.

दारांत आमच्या इमारतीचा रखवालदार उभा होता. हा गृहस्थ नेपाळांतील डोंगराळ मुलखांतला. आठ वर्षें तो आमच्या दाराशीं रात्रीं जागतो आणि आठ वर्षें सारी इमारत त्याला 'बहादूर' म्हणून हांक मारते. हें त्याचें नांव नव्हे, हें आम्हांस त्याच सायंकाळीं त्याच्या मुलाच्या कागदपत्रांवरून कळलें. ज्याच्या जागरणावर आम्ही निर्धास्त झोंप घेतों त्याचें नांव विचारण्यास आठ वर्षें लागावींत, ही गोष्ट भूषणावह नाहीं. पण ती लपविण्यांतही अर्थ नाहीं.

त्याचा मुलगा नेपाळांत बारावी होऊन बापाकडे आला होता व नाशकांतील एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेची पदवी घेऊं पाहत होता. अर्ज इंग्रजींत, म्हणून तो भरून घेण्यासाठीं बापलेक आले होते. आम्ही अर्ज हातीं घेतला, तों त्या बापानें विचारलें, "साब, ये कागज बाद में उधर चलेगा क्या?" म्हणजे येथली पदवी उद्यां मुलगा आपल्या देशीं परत गेला तर तेथें चालेल काय?

आमच्या स्नेह्यांनीं त्याच्याकडे चमकून पाहिलें. आम्हींही पाहिलें. बावीस लाखांच्या बेरजेंत गढलेल्या आम्हां दोघां शिकलेल्या माणसांपैकीं एकालाही जो प्रश्न सुचला नव्हता, तो या रखवालदारानें उंबऱ्यावर उभ्या उभ्या विचारला होता.

वाचकांपैकीं पुष्कळांना कदाचित् नवल वाटेल, पण ज्या नाशकांतून आमचीं मुलें परदेशीं जाऊं पाहतात तें नाशिकच कित्येकांचें परदेश आहे. २०२१-२२ सालच्या सरकारी पाहणीप्रमाणें हिंदुस्थानांतील महाविद्यालयांत ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, आणि त्यांत शेंकडा सुमारें अठ्ठावीस एकट्या नेपाळचे. दुसऱ्या कोणत्याही देशाचे इतके नव्हते. याचीं कारणें उघड आहेत. १९५० च्या तहामुळें नेपाळी माणसास येथें यावयास व्हिसा लागत नाहीं, आणि राहण्यास व पोटापाण्याचा उद्योग करण्यासही मोकळीक आहे. त्यांचा रुपया १९९३ पासून आपल्या एका रुपयास एक रुपया साठ पैसे या ठरीव दराला बांधलेला असल्यामुळें आज ठरलेला खर्च तीन वर्षांनींही चलनाच्या दरानें फुगत नाहीं. भाषा थोड्या दिवसांत कानांवर बसते. शिवाय ही वाट जुनी आहे. नेपाळांत पहिलें महाविद्यालय निघालें तें १९१८ सालीं. तत्पूर्वी आणि त्यानंतरही कित्येक वर्षें तेथल्या मुलांचा उच्च शिक्षणाचा रस्ता काशी, पाटणा आणि कलकत्त्याकडेच जात असे. पुढें तेथील पंतप्रधान झालेले विश्वेश्वरप्रसाद कोइराला हे काशीच्या हिंदु विद्यापीठांतच शिकले.

असा सर्व प्रकारें सोईचा परदेश असूनही त्या बापाला कागदाची काळजी वाटत होती, आणि ती रास्त होती. कारण परदेशीं घेतलेल्या पदवीस नेपाळांत त्रिभुवन विद्यापीठाकडून समकक्षतेचा दाखला घ्यावा लागतो. येथें प्रवेश घेतांनाही त्याची बारावी आपल्या बारावीच्या तोडीची असल्याचें दाखवावें लागतें. म्हणजे जातांना एक दार आणि परततांना दुसरें. त्या माणसाला हें ठाऊक होतें, कारण त्याच्या गांवचा कोणी एक मुलगा मागें असा कागद घेऊन परतला होता आणि वर्षभर खेटे घालीत बसला होता. आम्हीं त्याला त्या महाविद्यालयाची व विद्यापीठाची मान्यता पाहून सांगितलें, कीं कागद चालेल. मात्र दरवर्षाच्या गुणपत्रिका जपून ठेवा. तो समाधानानें गेला. आणि मग आम्हीं तो बावीस लाखांचा कागद पुन्हां हातीं घेतला, तो या वेळीं दुसऱ्या बाजूनें.

परदेशांत डॉक्टर होऊन आलेल्या मुलास येथें लगेच दवाखाना उघडतां येत नाहीं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगानें २०२१ च्या नोव्हेंबरांत नियम केले आहेत. अभ्यासक्रम निदान चोपन्न महिन्यांचा असावा. तो इंग्रजी माध्यमांतून झालेला असावा. त्यानंतर बारा महिन्यांची उमेदवारी त्याच परदेशी संस्थेंत व्हावी. त्या देशांत तेथल्या नागरिकाप्रमाणें वैद्यकी करण्याची पात्रता त्या पदवीनें मिळत असावी. येथें परतल्यावर आणखी बारा महिने उमेदवारी करावी. आणि हें सारें दहा वर्षांच्या आंत संपावें. यांतील एकही अट हुकली तर त्या पदवीवर येथें परवाना मिळत नाहीं. आणि सर्व अटी पाळल्या तरी २००२ पासून चालत आलेली एक चाळणी परीक्षा आहेच. तीनशेंपैकीं दीडशें गुण मिळाले तर उत्तीर्ण, नाहीं तर पुन्हां बसा. ही परीक्षा वर्षांतून दोनदां होते, आणि अलीकडच्या वर्षांत तींत बसणाऱ्या पांच मुलांपैकीं सुमारें एकच एका वेळीं पार पडतो.

हें वाचून कोणी असा ग्रह करून घेऊं नये, कीं परदेशी शिकलेलीं मुलें कच्चींच असतात. त्यांतून उत्तम डॉक्टर झालेले आहेत व आमच्या नाशकांतही आहेत. परंतु पांचांत एक हा आंकडा त्या छापील कागदावर कोठेंच नव्हता. उमेदवारीचीं दोन वर्षें नव्हतीं. परतल्यावर परीक्षेच्या तयारीसाठीं वर्ष-दोन वर्षें घरीं बसावें लागलें तर त्याचा खर्च नव्हता. बावीस लाख हा पदवीचा खर्च होता. डॉक्टर होण्याचा खर्च तो नव्हताच.

आणखीही कांहीं ओळी गाळलेल्या होत्या. अशा बहुतेक ठिकाणीं शुल्क डॉलरांत ठरतें. २०१८ च्या आरंभीं चौसष्ट रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २०२४ अखेर पंच्याऐंशींच्या पलीकडे गेला होता. म्हणजे पहिल्या वर्षीं जो मुलगा धाडला त्याचें शेवटच्या वर्षाचें शुल्क, एक पैसाही न वाढतां, तिसऱ्या हिश्श्यानें वाढलें. नेपाळी बापाला जें भय नाहीं तें आमच्या स्नेह्यांना होतें, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांतून साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जास बँका बहुधा तारण मागतात, आणि मुलगा शिकत असतांना हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाहीं. बँकेंत जन्म घालविलेल्या गृहस्थाला हें आम्हीं सांगावें, याचें त्यांनाच हसूं आलें. पण पोराच्या भवितव्यापुढें माणूस आपलेंच शहाणपण विसरतो, हें खोटें नाहीं.

शेवटची ओळ तर कोणत्याच कागदावर लिहितां येत नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत चीनच्या वुहान शहरांतून आपलीं मुलें विमानानें परत आणावीं लागलीं. २०२२ च्या फेब्रुवारींत युक्रेनवर युद्ध कोसळलें तेव्हां तेथें हजारों हिंदी विद्यार्थी वैद्यक शिकत होते. तीं मुलें तळघरांत रात्री काढून, थंडींत सरहद्दीपर्यंत पायीं चालत, सरकारी विमानांनीं घरीं आलीं. एकजण खार्किव्हांत अन्न आणावयास बाहेर पडला तो परतलाच नाहीं. जीं सुखरूप आलीं त्यांचा अभ्यासक्रम अर्ध्यावर लोंबकळला, आणि कित्येकांना तो पुरा करण्यासाठीं पुन्हां तिसराच देश शोधावा लागला. २०२४ च्या मे महिन्यांत बिश्केक येथें परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावानें हल्ले केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या आरंभीं, आमच्या शेजारच्या जळगांव जिल्ह्यांतील चार मुलें रशियांत नदींत बुडालीं. नदी कोठेंही बुडवूं शकते, गोदावरीही बुडविते. परंतु पोटचें पोर हजारों मैलांवर असतां ती बातमी ऐकणें, आणि त्याचा देह घरीं येण्याची वाट पाहत बसणें, याचा हिशेब कोणत्या आंकड्यांत करावा?

कोणी म्हणतील, कीं डॉक्टरीचें सोडा. जर्मनींत म्हणे शिक्षण फुकट आहे, तिकडे अभियंता होण्यास मुलगा धाडावा. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शुल्क नाहीं हें खरें. तरी बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतांत २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांस सहामाहीस पंधराशें युरो पडतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेंही २०२४ पासून अशांवर शुल्क बसविलें आहे. जेथें शुल्क नाहीं तेथेंही, पहिल्या वर्षाच्या राहण्याजेवण्याची तरतूद म्हणून २०२४ च्या सप्टेंबरपासून ११,९०४ युरो आगाऊ एका बंद खात्यांत ठेवून दाखवावे लागतात. पदवीचे वर्ग बहुतांशीं जर्मन भाषेंत चालतात. आणि आपली नुसती बारावी तेथें सरळ प्रवेशास पुरत नाहीं. त्यासाठीं एक तर तेथें वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग करावा, अगर आय्. आय्. टी.ची प्रवेशपरीक्षा येथें उत्तीर्ण व्हावी, अगर येथल्याच विद्यापीठांत एक वर्ष काढावें. फी नाहीं म्हणजे खर्च नाहीं, असा अर्थ काढणारांनीं एवढें ध्यानांत घ्यावें.

आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळीं समुद्र ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे. आतां काळ पालटला. आतां प्रायश्चित्त जाण्याच्या आधींच आणि बँकेच्या हप्त्यांनीं घ्यावें लागतें. परंतु त्या जुन्या काळीं जे गेले त्यांच्या हिशेबांत एक गोष्ट होती. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं कलकत्त्याहून निघाल्या आणि १८८६ सालीं फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्या परतण्यापूर्वीच कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांत स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठीं ठरली होती. दैवानें ती जागा त्यांना भूषवूं दिली नाहीं. १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास त्यांचा अंत झाला. डॉ. आंबेडकर १९१३ सालीं अमेरिकेस गेले ते सयाजीराव महाराजांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. परत येऊन बडोद्यास दहा वर्षें नोकरी करावयाची, असा करार त्यांनीं आधीं लिहून दिला होता. तो करार पुढें कसा मोडला आणि बडोद्यास त्यांना किती अपमान सोसावा लागला, हा निराळा आणि लाजिरवाणा इतिहास आहे. आमचा मुद्दा एवढाच, कीं त्या वेळीं जाणाराच्या व धाडणाराच्या मनांत परतण्याचा प्रश्न आधीं सुटलेला असे, निदान मांडलेला तरी असे. आज आम्ही जाण्याचा प्रश्न सोडवितों आणि परतण्याचा प्रश्न मुलावर सोंपवितों.

त्या सायंकाळीं आमचे स्नेही बराच वेळ गप्प बसले. नंतर त्यांनीं वरून वहिनींना आणि मुलालाही बोलावून घेतलें. वहिनींनीं सगळें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "भावोजी, घराचें आम्ही पाहूं. घर म्हणजे चार भिंती. गेल्या तर भाड्यानें राहूं. पण महिनाभर या घरांत एजंटाला विचारलें, बँकेला विचारलें, तुम्हांलाही विचारलें. याला कोणी विचारलें का?" आणि मुलाकडे वळून त्यांनीं विचारलें, "बाळा, तुला डॉक्टर व्हायचें आहे, कीं आम्हांला डॉक्टरचे आईबाप व्हायचें आहे म्हणून तूं जातो आहेस?"

मुलगा कांहीं वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "व्हायचें आहे. पण मी गेलों आणि ती परीक्षा नाहीं सुटली, तर घर जाईल, या विचारानें मला महिनाभर झोंप नाहीं."

वडिलांच्या डोळ्यांस पाणी आलें. घर गहाण ठेवण्याचा विचार आपल्या एकट्याच्या डोक्यावर आहे असें त्यांना वाटत होतें. तें ओझें अठरा वर्षांचा पोरगा रात्रीं उशाखालीं घेऊन निजत होता, हें त्यांना ठाऊक नव्हतें. आम्हांस वाटतें, त्या घराचा खरा हिशेब त्या क्षणीं सुरू झाला.

शेवटीं ठरलें तें असें. त्या महिन्यांत सही करावयाची नाहीं. मुलानें येथेंच बी. एस्सी.स नांव घालून प्रवेशपरीक्षा आणखी एकदां द्यावी. तेंही न जमलें तर पुढच्या वर्षीं परदेशाचा विचार करावा. पण तो पाटीवरून नव्हे, तर वरच्या प्रत्येक अटीस त्या विद्यापीठाचें लेखी उत्तर मागवून आणि तेथून परत येऊन येथली परीक्षा उत्तीर्ण झालेल्या निदान दोघांतिघांना समक्ष भेटून. जे उत्तीर्ण झाले नाहींत अशांनाही भेटावें, असें आम्हीं सुचविलें. एजंट त्यांचे पत्ते देणार नाहीं, ते आपणच शोधावे लागतील. हा निर्णय बरोबर ठरेल कीं चूक, हें आम्हांस आज सांगतां येत नाहीं. एक वर्ष जाईल हें निश्चित. परंतु तें वर्ष डोळे उघडे ठेवून जाईल.

ज्या वाचकांच्या घरीं बारावीचीं मुलें आहेत त्यांना आमची हात जोडून एवढीच विनंती, कीं परदेशच्या शिक्षणास भिऊं नका आणि त्याच्या स्वस्ताईस भुलूंही नका. किती लागेल हा प्रश्न दुसरा. परत आल्यावर हा कागद कोठें, कोणत्या अटींवर आणि किती काळानें चालेल, हा पहिला. आणि ज्याला जावयाचें आहे त्याला हे दोन्ही प्रश्न समोर बसवून, कर्जाच्या आंकड्यासह, मोकळेपणानें सांगावे. त्याच्यापासून लपविलेलें कर्ज त्याला कळल्यावांचून राहत नाहीं.

श्रीकृष्ण आणि सुदामा हे दोघेही घरापासून दूर अवंतीस सांदीपनींच्या आश्रमांत शिकले. एकच गुरु, एकच अभ्यास, आणि गुरुदक्षिणा विद्या पुरी झाल्यावर. पुढें एकानें द्वारका वसविली आणि दुसरा मूठभर पोहे घेऊन त्या द्वारकेच्या दारांत उभा राहिला. तेव्हां विद्या कोठें घेतली यावर सर्व कांहीं अवलंबून नसतें, हें आपल्या पुराणांनाही ठाऊक होतें.

आमच्या द्वारकेच्या दारांत उभा राहणारा तो रखवालदार परवां भेटला. मुलाचें महाविद्यालय सुरू झालें आहे. सकाळीं वर्ग, दुपारीं एका दुकानांत हिशेब लिहिण्याचें काम. आम्हीं त्याला या वेळीं त्याच्या खऱ्या नांवानें हांक मारली. तो क्षणभर थबकला, आणि मग हंसून म्हणाला, "साब, गांव की याद आ गयी."